सासऱ्यांची गाडी आणि खर्जाची तार

रोज सकाळी गाडीला किक मारायची, चहा पिऊन होईपर्यंत ती चालू ठेवायची आणि मग बंद करायची. सासऱ्यांनी माझ्यावर सोपवलेलं काम एवढंच होतं. त्यातून कार्बोरेटर, तंबोऱ्याची तार, पेट्रोल पंपाचा मॅनेजर आणि मेहुण्याने मारलेली मिठी एवढं सगळं कसं निघालं, हे माझी बायको प्रियदर्शनी अजूनही विचारते. मी सांगतो, कुतूहल. ती म्हणते, आमच्या गावात त्याला खाज म्हणतात.

तिचं गाव कृष्णाकाठचं, ऊस आणि फौज या दोन गोष्टींवर चाललेलं. तिचे वडील नाथाजीमामा फौजेतून हवालदार होऊन परत आले आणि पेन्शनीबरोबर घरात एक मोटारसायकलही आली. ती अजून आहे. मुलं मोठी झाली, मुलांना मुलं झाली, दारात चारचाकी आली, पण मामा शेताकडे जाणार ते त्याच गाडीवर, आणि जाणार ते सुसाट. साखर कारखाना चालू झाला की रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या. मामा त्या सगळ्यांना मागे टाकून पुढे जात. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता तेव्हाही जात. सासूबाई, म्हणजे साळूबाईमामी, गाडीचा आवाज कानावर येईपर्यंत दारातून हलत नसत.

शेवटी मिरजेला ऑपरेशन ठरलं, आधी एका डोळ्याचं आणि मग दुसऱ्याचं. आपण हो म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मामा शिस्तीचे. त्यांनी स्वतःच गाडी टेम्पोत घालून मलकापूरला आमच्याकडे पाठवून दिली. "समोर दिसली तर मी बसणार," ते म्हणाले. "माझा मलाच भरवसा न्हाई. पाव्हण्यांकडं ऱ्हाऊ दे. त्यास्नी चालवाय येत न्हाई."

हे खरं आहे. मला गिअरची गाडी येत नाही. मी बिनगिअरच्या स्कूटरवरून कराडला कॉलेजात जातो. तिथे मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. लग्न जमवताना मध्यस्थाने 'मुलगा सायन्सला आहे' एवढंच सांगितलं आणि सासरवाडीने त्याचा अर्थ आपापल्या परीने लावून घेतला. मी तो दुरुस्त करायला गेलो नाही. पण इतकी वर्षं दुसऱ्यांनी प्रयोग करायचे आणि आपण नळ्या धुवायच्या, यात माणसाच्या मनात काय काय साठत जातं, ते दुसऱ्या सहायकालाच कळेल.

सुरुवातीला गाडी शहाण्यासारखी वागली. मग एका सकाळी किक मारून मारून मी घामाघूम झालो, आणि खाली बघतो तर टाकीखालच्या कॉकमधून, म्हणजे पेट्रोलच्या नळातून, थेंब थेंब गळत होतं. मी वाकून बघत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून आप्पासो बोलले.

आप्पासो आमचे शेजारी. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी स्टँडवरच्या कर्ण्यातून गाड्या पुकारण्यात गेली, त्यामुळे ते सल्लासुद्धा पुकारतात.

"सर, हिकडं ध्यान द्या! ह्यो इथेनॉलचा परिणाम हाय. आताच्या पेट्रोलमधी उसाचं स्पिरिट मिसळत्यात. जुन्या गाडीचं रबर त्यानं फुगतं. वायसर बदला, नळी बदला. आन् कार्बोरेटरमधलं जेट जरा मोठं लागंल. ह्या पेट्रोलला जोर कमी, म्हणून ते जास्त सोडाय लागतंय."

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"आमची केबिन वर्कशॉपच्या शेजारी हुती," आप्पासो म्हणाले, आणि तो विषय संपला.

शहाण्या माणसाने इथे गाडी ढकलत मेकॅनिककडे न्यावी. पण माझ्या डोक्यात भलताच प्रश्न शिरला. या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे म्हणतात, तर ते आपल्याला बघता येईल का? रसायनशास्त्र म्हणतं, येईल. पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवलं की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याकडे जातं आणि पाणी तेवढं वाढतं. मी कॉलेजातलं एक उंच मोजपात्र घरी आणलं (परत नेऊन ठेवलं आहे), त्यात गाडीतलं पेट्रोल घेतलं, आणि नीट दिसावं म्हणून पाण्यात जिलेबीचा रंग कालवला. प्रियदर्शनीने मला मोजपात्रासकट स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, त्यामुळे प्रयोग गाडीशेजारी अंगणात पार पडला.

पाणी वाढलं! केशरी रेघ माझ्या डोळ्यांदेखत वर सरकली. मी तिथेच उकिडवा बसून तिच्याकडे बघत राहिलो. पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्या अंगणात, आपल्या हाताने खरी होते, याचा जो आनंद असतो तो मला तोपर्यंत माहीत नव्हता.

नेमका तेव्हाच मेहुणा शंभूराज आला. तो मामांचे कपडे घेऊन मिरजेला निघाला होता. "दाजी, ह्ये काय ओ?"

"हे वरचं पेट्रोल. आणि खाली जे वाढलंय ना, ते इथेनॉल. उसापासून केलेलं."

शंभूराज एकदम गंभीर झाला. "म्हंजे ह्यो आपला ऊस?"

"तुमचाच असेल असं काही नाही."

"आमचाच. कारखान्याला पैली तोड आमच्या फडाची हुती." त्याने मोजपात्र हातात घेऊन उजेडाकडे धरलं, इकडून तिकडून पाहिलं आणि फोटो काढून लगेच स्टेटसला ठेवला. "बांधावरनं गेलेला ऊस माणसाला परत कुठं बघाय मिळतोय, दाजी?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, की या तुमच्या उसानेच मामांच्या गाडीचं रबर फुगलंय. हवाच बदलली. जावयाला तोंडावर चुकलं म्हणायची त्यांच्याकडे पद्धत नाही, म्हणून शंभूराज माझ्याकडे न बघता गाडीकडे बघून बोलला. "रबर जुनं असंल. उसाला नाव ठिवू ने." आणि मोजपात्र सावकाश खाली ठेवून तो निघून गेला.

खरं तर नवा वॉशर आणि नवी नळी आणून काम भागलं असतं. दोन्ही मी आणलं. ते बसवायला टाकी उतरवली, आणि टाकी उतरवल्यावर कार्बोरेटर समोर आला. मुठीएवढी वस्तू, चार स्क्रूंनी बंद केलेली. इतकी वर्षं हिच्या आत काय चाललंय हे कुणीच बघितलं नसेल, असं मला वाटलं. असं वाटल्यावर ती न उघडता झोपणं मला शक्य नव्हतं.

आत दोन पांढरे फुगे असतात. पेट्रोल वाढलं की ते तरंगत वर येतात आणि पेट्रोल बंद करतात, कमी झालं की खाली बसून परत चालू करतात. म्हणजे आपल्या संडासातल्या फ्लशच्या टाकीत जे चालतं तेच! मामांचा तो गावभर गाजलेला वेग या दोन फुग्यांच्या जिवावर होता. आणि त्यांच्या मधोमध ते जेट. नखाएवढा पितळी तुकडा, आरपार भोक असलेला. गाडीने जोर धरला की सगळं पेट्रोल त्या एका भोकातून जातं. त्या भोकाच्या कडेला हिरवट मळ धरला होता.

सुटे भाग हरवू नयेत म्हणून मी मिसळणाचा डबा रिकामा केला. एका डब्यात इतक्या लहान लहान वाट्या, प्रत्येक वाटीत एक भाग. यापेक्षा शास्त्रीय व्यवस्था कोणती? प्रियदर्शनीने फोडणीसाठी डबा उघडला तेव्हा मोहरीच्या जागी स्प्रिंग आणि जिऱ्याच्या जागी स्क्रू निघाले. त्यानंतर आमच्या आमटीला पेट्रोलचा वास येत होता असं तिचं म्हणणं आहे. मला आला नाही.

अशा अवस्थेत, म्हणजे टाकी खुर्चीवर, कार्बोरेटर मिसळणाच्या डब्यात आणि उरलेली गाडी अंगणात असताना, रविवारी शंभूराज मामींना घेऊन आला. मिरजेला जाता जाता ते चहाला थांबले होते. फाटकातून आत आल्यावर मामींनी गाडीकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला चक्क हात जोडले.

"पाव्हणं, लय उपकार झालं."

मला काही कळेना. तेवढ्यात शंभूराजने मला मिठी मारली. "दाजी, आमच्या घरात ह्ये करायची कुणाची छाती न्हवती! म्या एकदा प्लग काढून लपीवला, तर आबांनी नवा आणला. तुमी मुळावरच घाव घातलासा."

"अरे, मी दुरुस्त करतोय!"

"व्हय व्हय," शंभूराज डोळा मारत म्हणाला. "आबांनी इचारलं तर असंच म्हणायचं."

मामी पायरीवर बसल्या. "आता जोडू नगासा, पाव्हणं. रोज दारात उभं ऱ्हाऊन पायाचं तुकडं पडल्यात माझ्या. ट्रॅक्टर जोरात वाजला तरी काळजात धस्स हुतंय. एवढं म्हातारपण तरी सुखानं जाऊ दे."

त्यांचं बोलणं मला समजत होतं. पण माझी पंचाईत वेगळी होती. लग्न झाल्यापासून सासरवाडीने माझं इतकं कौतुक कधीच केलं नव्हतं, आणि आज केलं ते कशाबद्दल, तर माझ्या हातून गाडी मेली याबद्दल. ते गेल्यावर मी प्रियदर्शनीला म्हटलं, "तुला तरी माहीत आहे ना, मी दुरुस्त करतोय?"

"करा की," ती म्हणाली. "तुम्ही दुरुस्त करताय, म्हणूनच तर सगळे निश्चिंत आहेत."

पुढच्या आठवड्यात मी रेल्वेने मिरजेला मामांना भेटायला गेलो. दुसऱ्या डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती. मला बसा म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, "गाडी रोज चालू करतासा न्हवं?"

"गाडी आहे ठीक," मी म्हणालो. सगळे भाग घरातच होते, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं.

मामा पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळवून म्हणाले, "तुमास्नी म्हणून सांगतो, पाव्हणं. पोरं म्हणत्यात, आबा, कुठं जायाचं ते सांगा, आमी सोडतो. चांगली हाईत पोरं. पर शेताकडं जायाला पोराच्या तोंडाकडं बघाय लागलं का माणूस संपलं. फौजेत सगळा जन्म दुसऱ्याच्या हुकुमावर काढला. आता माझ्या हुकुमावर चालणारं एवढं एकच हाय, ती गाडी. बाकी घरात माझं कोण ऐकतंय?"

मी हसलो, पण ते हसण्यासाठी बोलले नव्हते. मला फार वाईट वाटलं. या माणसाचा अख्खा हुकूम मी सुटा करून मिसळणाच्या डब्यात भरला होता, आणि त्याबद्दल घरचे माझे आभार मानत होते. दवाखान्याच्या जिन्यावरून उतरताना मी ठरवलं, की गाडी चालू झालीच पाहिजे. मामींचा चेहराही डोळ्यांसमोर येत होता, पण त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता.

अडलं होतं ते जेटच्या भोकातल्या मळापाशी. फुंकून झालं, सुई घालून झाली. सुई टोकाला बारीक आणि मागे जाड, ती मधेच अडकते. हवी होती एकसारखी, कडक, लांब तार. परतीच्या रेल्वेला वेळ होता म्हणून मी मिरजेत फिरत होतो, आणि बघतो तर सतारी-तंबोऱ्यांच्या दुकानांसमोर उभा. खिडकीत तारांची वेटोळी टांगलेली! मला स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं.

"तार हवी होती," मी आत जाऊन म्हणालो.

"कशाला? सतार का तंबोरा?" दुकानदारांनी विचारलं. ते भोपळ्याला पॉलिश करत होते.

खरं सांगायला जीभ वळेना. "तंबोरा," मी म्हणालो.

"गाणार कोण?"

"सासरे."

"पट्टी कुठली त्यांची?"

"शंभर सीसी," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

त्यांनी पॉलिशचा हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. मिरजेत गाणारी माणसं पुष्कळ येत असणार आणि त्यातली काही विक्षिप्तही असणार, कारण ते नुसते "असं" म्हणाले आणि त्यांनी दोन-तीन तारा पुढे ठेवल्या. त्यातली सगळ्यात जाड मी उचलली. "ही खर्जाची," ते म्हणाले. "आवाज घुमतो हिचा." घुमण्याशी मला कर्तव्य नव्हतं. मी ती कागदात गुंडाळून घेतली.

घरी आल्यावर आणखी एक विचार सुचला. नुसती तार फिरवून मळ निघेना. जेट आहे पितळेचं, आणि पितळ कसं घासतात हे आपल्या घरांत लहान पोरालाही माहीत असतं. देवाची भांडी निघतात तसंच हेही निघणार. मी वाटीत चिंच भिजवली, त्यात रांगोळी कालवली, तो लगदा तारेला लावला आणि जेटच्या भोकातून तार मागे-पुढे ओढत बसलो. सबंध संध्याकाळ ओढली. शेवटी जेट असं लखलखायला लागलं की प्रियदर्शनीसुद्धा म्हणाली, "हे मात्र छान केलंत." उजेडाकडे धरून बघितलं तर भोक कसं स्वच्छ, गोल आणि ऐसपैस दिसत होतं. ऐसपैस या शब्दावर मी तेव्हा थांबलो नाही.

मोबाईलवर व्हिडिओ लावून मी सगळं परत जोडलं. व्हिडिओतला माणूस तमिळ बोलत होता, पण स्क्रू सगळीकडे एकाच बाजूला फिरतात. आता फक्त पेट्रोल हवं होतं. जुनं सगळं धुण्यात आणि प्रयोगांत संपलं होतं, आणि स्कूटरच्या टाकीला हात लावायचा नाही अशी प्रियदर्शनीने शपथ घातली होती.

मी बाटली घेऊन पंपावर गेलो. पोऱ्या म्हणाला, "बाटलीत देत न्हाई. गाडी आणा." हा नियम मला मान्य आहे. म्हणून मी घरी येऊन टाकी उतरवली, जुन्या लुगड्यात गुंडाळली, आणि स्कूटरवर मागे आप्पासोंच्या मांडीवर देऊन परत गेलो. आप्पासोंनी ती इतक्या जपून धरली होती की वाटेत एक बाई थांबून बघायला लागल्या, बाळ कितवं म्हणून. पोऱ्याने लुगडं उघडून बघितलं आणि मॅनेजरला हाक मारली.

"ही टाकी हाय," मॅनेजर म्हणाले.

"हो. पेट्रोल टाकीतच भरतात ना?"

"वाहनात भरत्यात. नियमात वाहन लिवलंय."

"टाकी हा वाहनाचाच भाग आहे."

"मग बाकीचा भाग आणा की," मॅनेजर म्हणाले.

आप्पासोंनी आवाज लावला. "साहेब, हिकडं ध्यान द्या! एस.टी.चं चाक पंक्चर झालं तर फकस्त चाकच नेत्यात का न्हाई?" हवा भरायच्या मशिनपाशी उभी असलेली माणसं जवळ आली. त्यात दोन तट पडले. टाकीला नंबरप्लेट नाही, सबब ती वाहन नव्हे, असं एका तटाचं म्हणणं. आणि नंबरप्लेट काढली म्हणून मोटार बैलगाडी होते का, असं दुसऱ्याचं. मी कॉलेजात नोकरीला असल्याचं सांगून बघितलं, पण त्याने प्रकरण जास्तच बिघडलं. शेवटी आम्ही टाकी परत घरी नेली, गाडीवर चढवली आणि दोघांनी मिळून गाडी ढकलत हमरस्त्याने पंपावर आणली. वाटेत जो भेटेल तो विचारी, "पेट्रोल संपलं व्हय?" इतक्या उलाढाली केल्यावर नुसतं "हो" म्हणायचं माझ्या फार जिवावर आलं.

घरी परत आणून किका मारल्या. माझ्या झाल्या, आप्पासोंच्या झाल्या, परत माझ्या झाल्या, आणि गाडी चालू झाली! तोच तो जुना फटफट आवाज, पण मला तो तंबोऱ्याहून गोड वाटला. मूठ जास्त पिळायची माझी छाती झाली नाही, आणि चालवून बघणं मला येत नाही. घरात मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगून कुणी विश्वास ठेवला नसता.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मामा मिरजेहून थेट आमच्याकडे आले. काळा चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट. शंभूराजची चारचाकी होती, मामी होत्या. त्यांचा बेत साधा होता. गाडी चालू होणार नाही, मामा दोन शिव्या घालतील, मग सगळे चारचाकीत बसून गावी जातील, आणि ही गाडी हळूहळू विसरली जाईल. शंभूराजने येता येताच मला अंगठा वर करून दाखवला.

मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. सीटवर थाप मारली, कॉक उघडला, चोक ओढला आणि किक मारली.

एका किकमध्ये गाडी चालू झाली.

शंभूराजचा अंगठा तसाच राहिला. प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "अय्या, खरंच दुरुस्त केलीत?" मामींनी मात्र नुसतं माझ्याकडे पाहिलं. जावयाला बोलायची पद्धत नसल्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकं ते बघणं मला लागलं.

"मी फुडं हुतो, तुमी या सावकाश," म्हणून मामा फाटकाबाहेर पडले.

आम्ही चारचाकीतून मागे निघालो. मामी डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. मामा एव्हाना कुठल्या कुठे गेले असतील म्हणून शंभूराजने वेग वाढवला, वळण घेतलं आणि करकचून ब्रेक दाबला. मामा समोरच होते. आरामात चालले होते. मधूनच ते मूठ पिळत, तशी गाडी घुसमटल्यासारखी खोकायची आणि वेग आणखी कमी व्हायचा. मूठ सैल केली की पुन्हा छान चालायची. तेवढ्यात मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आला, त्याने हॉर्न दिला आणि मामांना ओलांडून तो पुढे गेला. मामांनी त्याला हात केला.

मामींनी डोळे उघडले. "आवं, त्यास्नी बरं न्हाई का काय?"

शंभूराजने आपल्या गाडीचा काटा बघितला. "पस्तीस," तो पुटपुटला. "दाजी, पस्तीसच्या वर न्हाई जात! काय केलंसा काय तुमी?"

मला तेव्हा उलगडा झाला. चिंच, रांगोळी आणि खर्जाची तार. त्या संध्याकाळी मी मळाबरोबर पितळही घासून काढलं होतं आणि भोक नको तेवढं मोठं केलं होतं. हळू चालताना त्याचं काही वाटत नाही, पण मूठ पिळली की पेट्रोलचा लोंढा येतो आणि गाडीला ठसका लागतो. हे सगळं मी त्यांना सांगितलं. मामींना जेट वगैरे काही कळलं नसावं. त्या फक्त पुढच्या काचेतून मामांच्या पाठीकडे बघत राहिल्या, आणि गाव येईपर्यंत त्यांनी डोळे परत मिटले नाहीत.

मामांच्या गाडीचा वेगाचा काटा फार वर्षांपूर्वीच मेला आहे, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. त्यामुळे आपण किती वेगाने जातो हे मामा मनानेच ठरवतात. अंगणात उतरल्यावर त्यांनी चष्मा काढला. आजूबाजूची चार माणसं तब्येत विचारायला आली होती.

"सत्तरनं आलो!" मामा म्हणाले. "पर काय सांगू तुमास्नी, समदं लख्ख! एकेक झाड निराळं दिसत हुतं. मोजून घ्यावं म्हटलं तर मोजता येत हुतं. आदी असलं कवाच दिसलं न्हाई, नुस्ता धुरळा पळाल्यागत दिसायचं. डॉक्टर म्हंजे देवमाणूस हाय!" मग जरा आवाज चढवून म्हणाले, "ट्रॅक्टरवाली पोरं मातर लय बेफाम झाल्यात. एकजण माझ्या म्होरं गेला. शंभरनं तरी असंल!"

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. सबंध आयुष्यात एक यंत्र मी स्वतःच्या हाताने उघडलं, बदललं आणि ते चाललं. त्याचं सगळं श्रेय माझ्यासमोर एका डोळ्यांच्या डॉक्टरला जात होतं. मी तोंड उघडलंही. पण मामा सीटवरची धूळ हाताने पुसत होते, आणि इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते हुकूम सोडणारं हसू होतं. पलीकडे मामी पायरीवर बसल्या होत्या, उभ्या नव्हत्या. मी तोंड मिटलं. खूप जड गेलं, पण मिटलं.

"डॉक्टर हुशारच," मी म्हणालो.

"तुमीबी एकदा डोळं दाखवून घ्या, पाव्हणं," मामा म्हणाले. "गाडी शिकाल."

आता गावातली बरीच म्हातारी माणसं मिरजेला डोळे दाखवून येतात. मामा त्यांना वेगाची खात्री देतात. गाडी पेट्रोल जास्त पिते हे त्यांच्या लक्षात आलंय, पण ऊस आपलाच आहे म्हणून ते चालवून घेतात. शंभूराजने मला बजावून ठेवलंय, की या गाडीला यापुढे दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, सर्व्हिसिंग दाजींनीच करायचं. एवढा मान मला कॉलेजात मिळालेला नाही.

परवा मामींचा फोन आला. आधी सगळ्यांची खुशाली विचारून झाली, मग आवाज खाली आला.

"पाव्हणं, एक काम हुतं. रागावू नगासा. ह्यांच्या गाडीचा आवाज वड्यापलीकडनंच यायला लागतोय. आवाज आला का म्या चहा ठेवती. पर ते दारात येस्तवर चहा आटून काढा हुतोय बगा. रोजचंच झालंय. लय न्हाई, जराशी पळंल अशी करता यील का ती?"

"मामी, ते माझ्या हातात नाही," मी म्हणालो. "मिरजेच्या डॉक्टरांनाच विचारावं लागेल."

पलीकडे मामी हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी ऐकलं नव्हतं. मग हसू मधेच थांबवून त्या म्हणाल्या, "थांबा, आलं बगा," आणि फोन तसाच चालू ठेवून चहा ठेवायला आत गेल्या.